जोडसायकलीची पुढची सीट

रविवार, मुक्काम एका शाळेत

तुला,

गावच्या शाळेत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलं ते असं: वर खुशाली विचारायची, खाली खुशाली कळवायची आणि काम मधल्या ओळींत लिहायचं. मला मधल्या ओळी कधी जमल्या नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको. फोनवर तू म्हणालीस, तुमचा नुसता श्वास ऐकायला मी फोन कानाला लावून बसू का, काही सांगायचं असेल तर लिहा. म्हणून लिहितो आहे. सामानाची गाडी चालवणारा रोज वाटेतल्या पोस्टात पत्रं टाकतो.

तुझा धाकटा भाऊ बरा आहे. हे आधीच लिहायला हवं होतं, कारण पाकीट फोडून तू पहिलं तेच शोधणार.

आम्ही वीसेक जण आहोत. पुढे असतात मास्तर, म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. दर उन्हाळ्यात हा सायकलींचा जथा तेच काढतात. औषधाची पेटी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आहे. त्या म्हणतात, दात सोडून काहीही दुखवा, दातांची हत्यारं घरी राहिली आहेत. आमची जोडसायकल सगळ्यांत लांब, म्हणून मास्तरांनी आम्हाला शेवटी ठेवलं आहे. धाकट्याच्या पुढे दरवर्षी बसणारा मित्र गुडघा दुखावून घरी बसला, नाहीतर त्याने मला विचारलं नसतं. तू त्याला काय म्हणालीस तेही त्याने मला सांगितलं. "त्यांच्या मागे बसतोस तर बस, पण रस्ता स्वतःच ओळख." सांगताना हसत होता.

जोडसायकलीचं असं असतं. दोन सीटा, दोन जोड्या पेडलं, पण साखळीने ती एकमेकांना बांधलेली. एकाने पाय थांबवला की दुसऱ्याचा थांबतोच. हँडल आणि ब्रेक पुढच्याकडे. धाकट्यासारखं मागच्याला दिसत नसेल तर पुढच्याने सगळं बोलायचं: खड्डा, वळण, गिअर, कुत्रं, उतार. निघताना मास्तरांनी मला बाजूला घेऊन एक नियम आणखी सांगितला. चढाबद्दल खोटं बोलायचं नाही. मागचा माणूस आपली ताकद पुढच्याच्या शब्दावर वाटून ठेवतो.

शनिवारी हा जथा तू आता राहतेस त्या तुझ्या बहिणीच्या गावात पोचून संपेल. तू धाकट्याला घ्यायला येणार आहेस, असं तो म्हणाला. फक्त त्याला, हेही म्हणाला, पण हळू आवाजात. माझी परतीची सोय सामानाच्या गाडीत आहे. सायकली आणि मी.

घर सोडताना तू म्हणालीस, दगडाबरोबरही बाई संसार करते, पण पोटची लेक गेल्यावर तिसऱ्या दिवशी चादरींना इस्त्री करायला जाणाऱ्या माणसाबरोबर मला राहता येणार नाही. त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. या पत्रातही ते नाही.

जेवणं झाली आहेत. धाकटा घोरतो आहे. खुशाली.

सोमवार, रस्त्याकडेच्या पाणीपुरवठ्याच्या आवारात

तुला,

आज सपाटी होती, पण ऊन फार. उजाडण्याआधी दिवे लावून निघतो. ऊन वर आलं की डांबर मऊ पडतं आणि टायर चिकटून सुटल्यासारखा आवाज करतो. धाकट्याला तो आवाज आवडत नाही. म्हणतो, रस्ता मिटक्या मारतोय, आपल्यालाच खाणार आहे. मास्तरांचे उन्हाचे नियम कडक आहेत. हेल्मेटच्या आत ओला रुमाल, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी, तहान लागण्याच्या आधी प्यायचं, आणि दुपार टळेपर्यंत सावली सोडायची नाही. आत्ता सगळे पाण्याच्या टाकीखाली आडवे झाले आहेत. डॉक्टरीणबाई एकेकाला उठवून किती वेळा लघवीला गेलात ते विचारताहेत. मास्तर लाजतात आणि दोन बोटं दाखवतात.

मला ऊन जाणवत नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या वाफेच्या रोळापुढे इतकी वर्षं उभं राहिल्यावर उन्हाचं काय, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. तुला मात्र सांगतो, रोळापुढची वाफ मला जाणवायची. आता अंगावर ऊन आहे की नाही हे मला जमिनीवरची सावली पाहून कळतं. तहानही लागत नाही. माझ्या बाटल्या दुपारपर्यंत तशाच भरलेल्या राहतात, त्या मी धाकट्याला देतो.

बोलणं जमतंय. खड्डा डावीकडे. गतिरोधक. हलका गिअर. सकाळपासून दुपारपर्यंत मी जेवढं बोललो तेवढं घरी वर्षभरात बोललो नसेन. त्यावर तुझ्या भावाचं म्हणणं असं की, रेडिओवर बातम्या देणारासुद्धा मध्ये एखादं गाणं लावतो. मी त्याला विचारलं की आणखी काय सांगू. तो म्हणाला, दिसेल ते सांगा. मी पाहिलं. शेतं होती, विजेचे खांब होते, कुणीतरी वाळत घातलेले कपडे होते. मी खांब सांगितले.

पेडलाच्या फेऱ्याबरोबर देवाचं नाव घेतो. पूर्वी घेताना कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आता नुसती सवय शिल्लक आहे. ती मी मोडलेली नाही. घरातलं माणूस यायचं असलं की आपण दिवा मालवत नाही, तेवढंच.

तुझी झोप कशी आहे? पाळणाघरातली पोरं त्रास देतात का? उत्तर द्यायला माझा पत्ता रोज बदलतो, त्यामुळे उत्तराची काळजी करू नकोस.

मंगळवार, धर्मशाळेसारख्या एका जागेत

तुला,

आज पहिला मोठा चढ लागला आणि मी खोटं बोललो.

अर्ध्यावर धाकट्याने विचारलं, किती राहिला? मी वर पाहिलं. रस्ता डोंगराच्या अंगावर घडीवर घडी घालत वर गेलेला दिसत होता. पुढे गेलेल्यांचे रंगीत शर्ट तिकडे मुंग्यांसारखे. मी म्हणालो, झालाच, हे वळण घेतलं की संपला. का म्हणालो? त्या सगळ्या घड्या मोजून बोलून दाखवायचा मला कंटाळा आला. कंटाळा हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सापडत नाही. त्याने होती नव्हती ती ताकद त्या वळणाला घातली. वळणापुढे पुन्हा चढच. त्याच्या पायांतला जोर गेला तो मला माझ्या पेडलांत कळला. उतरून सायकल ढकलत न्यावी लागली. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता आणि वर पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. तो गप्प बसलेला तू कधी पाहिला आहेस का? मी पहिल्यांदा पाहिला.

वर दगडावर बसल्यावर म्हणाला, "चढ मला पायांना कळतो, भाऊजी. किती राहिला ते फक्त तुमच्या तोंडून कळतं. तेच खोटं निघालं तर मी नेमका कशावर बसलोय?"

मी चुकलो म्हणालो.

"ताईशी निदान खोटं तरी बोलत नव्हतात. काहीच बोलत नव्हतात. तरी ती गेली. मी तर नुसता शेपटाला बसलेला माणूस."

मग स्वतःच हसला आणि पाणी मागितलं. मी माझी बाटली दिली. तुझा भाऊ राग धरून ठेवत नाही, हे तुझ्या घराण्यात कुठून आलं ते मला माहीत नाही.

उद्या घाट आहे.

बुधवार

तुला,

आज विशेष काही नाही. घाट झाला. धाकट्याचं कोपर थोडं खरचटलं आहे, डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली. उद्या आम्ही दोघे सामानाच्या गाडीतून जाऊ, सायकलीचं थोडं काम निघालं आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण पडून लिहितो आहे.

खुशाली.

गुरुवार, बंद सूतगिरणीच्या कचेरीत

तुला,

कालचं पत्र गाडीवाल्याने सकाळीच टाकलं. ते मागे घेता येत नाही. त्यात सायकलीचं काम लिहिलं होतं, ते खरं नाही. सायकल ठणठणीत आहे.

घडलं ते असं. पुढे कुणाचातरी टायर फुटला, तो बदलताना रिम वाकडी असल्याचं कळलं आणि सगळा जथा खोळंबला. घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायला आला होता. मास्तर म्हणाले, इथे सावली नाही, खिंडीत झाडं आहेत, हळू चढा पण थांबू नका. आम्ही चढू लागलो. या खेपेला मी चढ खरा सांगत होतो. लांब आहे. वळण उजवीकडे, पुढे आणखी खडा आहे. मग सांगता सांगता शब्द चुकायला लागले, असं धाकटा म्हणतो. डावीकडे म्हणायच्या जागी मी उजवीकडे म्हणालो आणि सायकल मात्र डावीकडेच वळली. त्याला शंका आली. त्याने हात पुढे करून माझ्या पाठीला लावला.

शर्ट कोरडा होता. त्याचा स्वतःचा पिळून निघाला होता आणि माझा उन्हात वाळवून काढल्यासारखा. आतली पाठ तापलेल्या इस्त्रीसारखी लागली, हे शब्द त्याचे. तो म्हणाला, भाऊजी, थांबा. मी म्हणालो म्हणे, थोडं राहिलंय. मग त्याने ब्रेक नसताना सायकल थांबवायचा एकच मार्ग होता तो केला. दोन्ही पाय ताठ करून पेडलं अडवली. पेडलं बांधलेली, माझे पाय जागच्या जागी अडकले, चढावर सायकल उभी राहिली आणि आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला आडवे झालो. त्याचं कोपर तेव्हाच फुटलं. मी उतरणीच्या बाजूला कोसळू नये म्हणून तो मला घट्ट धरून ओरडत राहिला. दिसत नसताना उतार कुठल्या बाजूला आहे हे त्याला कसं कळलं ते विचारलं, तर म्हणाला, तुम्हीच सांगितलं होतं की दरी डावीकडे आहे.

डॉक्टरीणबाई मागे फिरून आल्या. मला रस्त्याखालच्या मोरीच्या सावलीत ओढलं, सगळ्यांच्या बाटल्या माझ्यावर ओतल्या, रुमालांनी वारा घातला. यातलं मला काही आठवत नाही. माझी स्वतःची बाटली हँडलखाली तशीच भरलेली सापडली. नंतर शुद्धीवर आल्यावर बाईंनी सगळ्यांना दूर पाठवून मला विचारलं, मुद्दाम केलंत का? मी नाही म्हणालो. तुला लिहिताना इतकंच लिहितो की बाटली हाताशी होती आणि झाकण उघडायचं मला सुचलं नाही. काल नाही, परवाही नाही. मला मरायचं नव्हतं. पण न मरण्यासाठी काही करावं, असंही आतून काही उठत नव्हतं. या दोन्हींत किती अंतर आहे ते बाईंनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्यांनी विचारलं नाही. नाडी धरून बसून राहिल्या.

आज दुपारी या कचेरीत मी आणि धाकटा दोघेच होतो. पंखा आहे, पण फिरत नाही. त्याने विचारलं, काल तुम्ही मोरीखाली पडल्या पडल्या सारखं म्हणत होतात, कोपरे जुळवा, कोपरे जुळवा. कसले कोपरे?

मी त्याला सांगितलं. आधी त्याला सांगितलं, याचं तुला वाईट वाटेल. तोंडून पहिल्यांदा निघायला अंधार लागतो आणि त्याच्यासमोर बोलताना तो आपोआप असतो. असं मी त्याला म्हणालो तेव्हा तो म्हणाला, चला, आमचाही काही उपयोग आहे.

आता तुला सांगतो. धुलाईखान्यात वॉर्डांची पाळी ठरलेली असते. आपली ठकू ज्या वॉर्डात होती त्याची पाळी त्या दिवशी होती, तिसऱ्या दिवशी. सकाळी तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. घड्याळ पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की आत्ता खालच्या दारातून त्या वॉर्डाची गाठोडी आत येत असतील. त्या दिवशी रोळावर जो होता तो माणूस चांगला आहे, पण काम करताना शीळ घालतो. तेवढंच मनात आलं. शीळ. मी चपला घातल्या आणि गेलो. मला पाहून तो बाजूला झाला.

धुऊन आलेल्या ढिगात एक चादर तिची होती. चादरीच्या कोपऱ्यावर वॉर्डाचा शिक्का असतो, खाटेचा नसतो. कुठली ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून सगळ्याच मी केल्या. एरवी दोघे मिळून करतो, त्या दिवशी एकट्याने. चारी कोपरे जुळवून, सुरकुती राहिली तर पुन्हा रोळावर घालून. प्रत्येक चादर तिचीच आहे असं धरून. मग त्या वर गेल्या आणि कुणाकुणाच्या खाटांवर पसरल्या गेल्या.

घरी आलो तेव्हा तू विचारलंस, कुठे गेला होतात? मी म्हणालो, कामावर. त्यापुढचं वाक्य तयार होतं. ते वर येईना. नंतर तू जे बोललीस ते ऐकलं आणि वाटलं, आता हे सांगितलं तर बचाव केल्यासारखं होईल. लेकीची चादर मला बचावासाठी वापरायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून माझ्या आत काही होतच नाही. रोळ बंद केल्यावर जसा आवाज जातो तसं गेलं. तुला वाटलं मला दुःख नाही. मलाही पुष्कळदा तसंच वाटलं आहे.

धाकट्याने कोपरावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "ताईला हे ठाऊक नाही?"

"नाही."

"मी सांगणार नाही. मी टेलिफोनवाला माणूस आहे, भाऊजी. जोडून देतो. मध्ये बोलत नाही."

बँकेत त्याला पगार याच गुणाचा मिळत असावा.

शनिवार, पहाट

तुला,

कालचा दिवस आम्ही सायकलीवर होतो. मास्तर नको म्हणत होते. ते म्हणाले, तुम्ही माझ्या बापासारखे हट्टी आहात, आणि मी तुमच्यापेक्षा वडील आहे. डॉक्टरीणबाईंनी अटी घातल्या. ऊन तापायच्या आत जेवढं होईल तेवढंच, बाकी गाडीत. धाकट्याने त्यांच्यावर स्वतःची अट चढवली. तो म्हणेल तेव्हा मी पाणी प्यायचं आणि त्याचा एक हात मधूनमधून माझ्या पाठीला लागेल, त्यावर मी तक्रार करायची नाही. दिवसभर तो माझी पाठ तपासत होता आणि मोठ्याने जाहीर करत होता. ओली आहे. चांगली भिजली आहे. भाऊजी, अभिनंदन. पुढचे लोक वळून हसत होते. मला हसू आलं नाही, पण ते हसताहेत हे बरं वाटलं. बरं वाटलं हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

चढ बरेच होते, लहान लहान. मी एकेक खरा सांगितला. आता आहे तो छोटा आहे, त्याच्यामागचा मोठा आहे, तो मला पुरा दिसत नाही. धाकटा म्हणाला, दिसत नाही असंही सांगत चला, ते जास्त उपयोगाचं आहे. माझे पाय दुखले. रात्री मांड्यांत गोळे आले आणि मी विव्हळलो, असं बाजूचे सांगतात.

आज थोडंच अंतर आहे. ऊन चढायच्या आत आम्ही तुझ्या गावात असू. सामानाची गाडी आमच्या आधी निघते, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता गाडीवाल्याकडे देतो आहे. तो तुझ्या बहिणीच्या दारात देईल. आधीची सगळी पत्रं तुला पोचली की नाही मला कळणार नाही. गुरुवारचं पोचलं नसेल तर ते पुन्हा लिहिणार नाही, तोंडाने सांगेन.

गाडीवाल्याला मी सांगितलं आहे की परतीला माझी जागा धरू नकोस. त्याने विचारलं, मग जाणार कसे? मी म्हणालो, ते ठरलेलं नाही.

तू चौकात येणार आहेस, फक्त धाकट्याला घ्यायला. येऊ नकोस. उन्हात उभी राहू नकोस. त्याला मी घेऊन येतो. सायकल मास्तरांकडे सोपवून आम्ही चालत येऊ, तो खांद्यावर हात ठेवेल आणि मी रस्ता सांगत येईन. तुझ्या बहिणीच्या घराला किती पायऱ्या आहेत ते मला आठवत नाही, ते तिथे पाहून त्याला सांगेन. तू हे पत्र वाचून मला दाराबाहेर थांबवायचं ठरवलंस तर थांबव. पण तसं तोंडाने सांग, धाकट्याच्या मार्फत नको. मी ऐकून घेईन आणि जाईन, आणि त्यानंतरही लिहीन.

मला रडू येईल असं समजू नकोस. अजून येत नाही. कधी येईल तेही दिसत नाही. तू घरी परत यावंस असं मला वाटतं का, हे तू इतक्या दिवसांत मला विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. वाटतं. हे एक वाक्य लिहायला आत्ता मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बाहेर मास्तर शिट्टी वाजवताहेत आणि गाडीवाला इंजिन चालू करून पाकिटासाठी हात पुढे करून उभा आहे.

दार तू उघडलंस तर आधी मी बोलेन. काय बोलेन ते ठरवलेलं नाही. पण तू विचारायची वाट पाहणार नाही.